धट्टीकट्टी कोकरं गेली, मरतुकडं जगलं. मेंढ्यांचं काय बिनसलंय?

सुरतवरून_परत

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहितो.

मी शिंदखेडा तालुक्यातला. चौदा वर्षं सुरतेला लूमवर काढली. कानाने कमी ऐकू यायला लागलं तेव्हा गाव धरलं. साडेतीन एकर कोरडवाहू आहे, निम्म्यात कापूस, निम्म्यात बाजरी आणि मका. गेल्या दिवाळीनंतर एका ठेलारी (फिरत्या मेंढपाळ) बाबांकडून १७ मेंढ्या आणि एक मेंढा घेतला. आई म्हणाली, "पोरा, तू मेंढ्या पाळेल नही, मेंढ्यास्नी तुले पाळेल शे." तेव्हा हसलो होतो.

आषाढात एक मेंढी झिजून झिजून गेली. आता मोठ्या १६ आहेत. कोकरं ९ होती, ७ राहिली. ही दोन कोकरं गेली तेच डोक्यातून जात नाही. दोन्ही दोन-अडीच महिन्यांची, कळपातली सगळ्यात गुबगुबीत. पहिल्याचं नाव मोत्या. संध्याकाळी उड्या मारत होता, सकाळी पाय ताणलेले, मान मागे वळलेली, तोंडाला थोडा फेस. कानबाईचं (श्रावणात बसते ती आमची खानदेशी देवी) विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. आई म्हणाली, नजर लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरं तसंच गेलं. आणि गंमत बघा, त्यांच्याच वयाचं एक मरतुकडं आहे, आईला दूध नाही, सगळ्यांच्या लाथा खातं, ते ठणठणीत!

बाकीच्या तक्रारी अशा. एका मेंढीच्या जबड्याखाली संध्याकाळी लिंबाएवढी फुगी येते, सकाळी जवळजवळ नसते. औषध दुकानदार म्हणाला घसा सुजलाय, अँटिबायोटिक दिलं, तीन दिवस टोचलं, फरक नाही. दोन मेंढ्या लंगडतात, त्यातली एक पुढचे गुडघे टेकून चरते. एक दोन दाती मेंढी डावीकडेच गोल गोल फिरते, नाहीतर भिंतीकडे तोंड करून उभी राहते. मेंढ्याने परवा आईला हंड्यासकट पाडलं. आणि दुपारी सगळ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून गोळा होऊन उभ्या राहतात, हा पण रोगच का?

माझ्याकडून कसर नाही. अक्षय तृतीयेपासून दर महिन्याला जंताचं पांढरं औषध पाजतो, लहान-मोठ्या सगळ्यांना पाच पाच मिली. म्हशीसाठी आणलेलं खनिज मिश्रण यांनाही देतो. सकाळी सातला सोडतो. सगळीकडे पिकं उभी, म्हणून जूनपासून नाल्याकाठच्या हिरव्या पट्ट्यातच चारतो. सणावाराला उरलंसुरलं गोडधोड पण आई यांच्यापुढे टाकते.

लूमवर धागा तुटला की मशीन आपोआप थांबतं. कुठे बिघडलं ते दिसतं. मेंढीला तसलं काहीच नाही, ती सरळ मरूनच जाते.

केळीवाला_रावेर

फुगीला डाग द्या. आमच्याकडे एक म्हातारबा विळा तापवून देतात, दोन दिवसांत उतरते. मी शेळ्या पाळतो, मेंढ्यांचा अनुभव नाही. गोल फिरणारीला लगेच विकून टाका.

बोरीकाठ

डाग नका देऊ हो. १९६२ या नंबरवर फोन लावा, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी दारात येते. आमच्या अमळनेर भागात आली होती, दुपारी लावलेला फोन, संध्याकाळी आली. पण आली.

वाड्यावरची

भाऊ, तुमचं तीनदा वाचलं. आधी ओळख देते म्हणजे विश्वास बसेल. मी जन्माने ठेलारी, साक्रीकडची. लहानपण वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळावर गेलं. आज या शेतात, चार दिवसांनी पुढच्या. रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावायची, मेंढरं बसवायची, शेतकऱ्याकडून त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं. लग्न झालं ते घर-शेती असलेल्या माणसाशी. सासऱ्यांनी हौसेने ३० मेंढ्या घेऊन दिल्या, की सुनेला सगळं येतं. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या ११ मेल्या. ठेलाऱ्याच्या पोरीच्या! माहेरी तोंड दाखवायची लाज वाटायची. म्हणून तुमच्यावर हसणार नाही.

आधी कोकरांचं, कारण ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय आणि तुम्हालाच दिसलं नाही. एक कानबाईनंतर गेलं, दुसरं पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे. दोन्ही वेळेला घरात पुरण शिजलं होतं ना? उरलेलं मेंढ्यांपुढे पडलं. पुढे कोण घुसलं? जे धट्टंकट्टं तेच. मरतुकड्याला लाथा बसल्या, ताटापर्यंत पोचलंच नाही, म्हणून वाचलं. नजर नाही, भाऊ. पोटात जंतू सगळ्यांच्याच असतात, गुपचूप बसून. अंगावर भरपूर दूध आणि वर अचानक पोळी, भात, मका असं पिठूळ गेलं की ते रातोरात वाढतात आणि विष सोडतात. आंत्रविषार म्हणतात, डॉक्टर ईटी म्हणतील. सगळ्यात चांगलं खाणारं, चांगलं पिणारं कोकरूच यात जातं. आमच्यात असं मेलेलं कोकरू आजोबा लगेच फाडून बघायचे. गुरदा (मूत्रपिंड) हातात धरला की चिखलासारखा. उशीर झाला तर कुठलंही मढं तसंच सडतं, मग काही कळत नाही. पुढच्या वेळी (येऊ नये) सकाळी सापडलं की तासाभरात दवाखान्यात न्या, पुरू नका.

आता तुमच्या कळपाचं खरं दुखणं. जबड्याखालची फुगी म्हणजे घसा नाही. ते पाणी आहे. दिवसभर मान खाली घालून चरते म्हणून संध्याकाळी तिथे उतरतं, रात्री मान वर करून बसली की ओसरतं. त्या मेंढीला धरा, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढा आणि आतला रंग बघा. लाल-गुलाबी असेल तर मी चुकले. पांढरी फटक असेल तर तिचं रक्त पोटातले जंत पितायत. केसासारखे बारीक असतात, चौथ्या पोटात चिकटतात. यात हागवण लागतेच असं नाही, लेंडी टणक असते, म्हणून माणूस फसतो. आषाढात झिजून गेलेली पण बहुतेक याचीच. एकीची पापणी बघून थांबू नका, सोळाच्या सोळा बघा आणि वहीत लिहा. लाल, फिकी, पांढरी, एवढे तीन शब्द पुरे.

तुम्ही म्हणाल, दर महिन्याला औषध देतो की. देता, पण चारता कुठे? जूनपासून त्याच नाल्याकाठी. मला ११ मेंढ्या गमावून हेच कळलं. माझे वडील वर्षातून दोनदा औषध पाजायचे, कधी तेही नाही, आणि दोनशे मेंढरं धडधाकट. मला वाटायचं हातगुण आहे. हातगुण कसला! वाडा पुढे जायचा आणि जंत मागे राहायचे. लेंडीतून अंडी पडतात, ओल आणि ऊब असली की आठवड्याच्या आत त्यातून अळी तयार होते आणि दवाबरोबर गवताच्या पात्यावर चढते. तोवर आम्ही दोन गावं पुढे. तुमच्या मेंढ्या मात्र आज जे टाकतात ते पुढच्या आठवड्यात परत खातात. एका जागी बांधलेल्या छोट्या कळपाचं हे पहिलं दुखणं, बाकी सगळी त्याची पोरं. आम्ही वाड्यावर असताना पण मरतूक व्हायची ती पावसाळ्यात, चिखलामुळे एका गायरानावर अडकून पडलं की.

तर नाल्याकाठ सोडा. पाऊस उघडून ऊन तापेपर्यंत तिकडे पाऊल नको. मूग-उडीद निघालेलं रान असेल तर तिथे न्या, पण पोटाला काहीतरी वाळलं घालून. बोर, बाभूळ, हिवर यांचा पाला तोडून द्या. झाडावर जंत चढत नाही. आणि सातला सोडू नका. दव उतरू द्या, नऊ-साडेनऊ. तोपर्यंत कडबा किंवा मक्याचा वाळला चारा टाका.

लंगडीचं ऐका. काळी माती खुरांच्या बेचक्यात भरते, तिथे सडतं. बेचक्यात बघा, नाकाने पण बघा, कुजका वास येईल. आधी वेड्या बाभळीचा काटा आहे का ते चाचपा, निम्म्या वेळा तोच असतो. नसेल तर वाढलेलं खूर कातरायचं, रक्त येईपर्यंत नाही. मग कृषी केंद्रात झिंक सल्फेट मिळतं ते दहा लिटर पाण्यात एक किलो, घमेल्यात पाय बुडवून चांगली दहा मिनिटं उभी करायची आणि नंतर मुरमावर, कोरड्यात. चिखलात परत नेली तर सगळं पाण्यात. लोक मोरचूद वापरतात, चालतो, पण ते पाणी मेंढीने तोंडी लावता कामा नये. तोंडातही फोड असतील तर हे काहीच करू नका, डॉक्टरला बोलवा, मग लाळ्या-खुरकूत असू शकतो.

दुपारी डोकी खुपसून उभ्या राहतात तो रोग नाही. उन्हात एकमेकींची सावली घेतात. फक्त शिंकताना, पाय आपटताना, नाकातून शेंबूड गळताना दिसल्या तर एक माशी नाकात अळी सोडते, त्यासाठी वेगळं औषध आहे.

शेवटी तुमच्या लूमचं. तसं थांबून दाखवणं मेंढीला जमत नाही, ते खरं. आजोबा म्हणायचे, "मेंढी मरी जास पन सांगस नही." पुढून बघितलं तर सगळ्या सारख्याच, कारण माणूस दिसला की दुखणारी पण मान वर करते. म्हणून मेंढरामागे चालायचं. नेहमी मध्ये असणारी आज शेवटी का? सोडल्यावर उठायला कोण उशीर करतंय? रवंथ कोण करत नाही? आणि रात्री एकदा वाड्यात जाऊन गप उभं राहायचं, दुखत असेल तर दात खाल्ल्याचा आवाज येतो.

गोल फिरणारीचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. त्याआधी मला सांगा, घरी कुत्रा आहे का? आणि आषाढातल्या मेंढीचं काय केलं?

सुरतवरून_परत

ताई, काय बोलू. पुरण दोन्ही वेळेला होतं. आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली, जेवली पण नाही. मोत्याला तिने स्वतःच्या हाताने भरवलं होतं. मी म्हटलं, तुला काय माहीत होतं. तर म्हणे, "माले नही माहीत, तुले तरी माहीत होतं का?"

पापण्या बघितल्या. १६ पैकी ५ पांढऱ्या, ४ फिक्या, ७ लाल. फुगीवालीची तर कागदासारखी. मेंढ्याची लाल आहे.

एका लंगडीच्या बेचक्यात काटा निघाला, बोटाच्या पेराएवढा. दुसरीला वास आहे.

दात खाल्ल्याचा आवाज मला ऐकू येणार नाही, चौदा वर्षं लूम कानाशी होता. आईला सांगितलंय.

आणि हो, कुत्रा आहे. आषाढातली मेंढी पुरली, पण मुंडकं कुत्र्याला टाकलं होतं. का विचारलंत?

निवृत्त_पर्यवेक्षक

वाड्यावरच्या ताईंनी जे लिहिलं त्यात मला फारसं खोडायचं नाही. ३१ वर्षं पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, बरीचशी नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यात. औषधांचं तेवढं मी लिहितो, कारण तिथे तुमची चूक मोठी आहे.

कुत्र्याचं का विचारलं ते आधी. मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते, ती ज्या बाजूला असेल बहुधा त्या बाजूला मेंढी फिरते. ही गाठ म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीचं पिल्लू. कुत्रा मुंडकं खातो, त्याच्या पोटात कृमी वाढतो, विष्ठेतून अंडी गवतावर, तिथून परत मेंढीत. गाठ वाढायला महिने लागतात, त्यामुळे ही मेंढी आषाढातल्या मुंडक्याने आजारी पडलेली नाही, हे आधीचं आहे. तुम्ही मुंडकं टाकून पुढच्या वर्षाची सोय करून ठेवलीत, इतकंच. कुत्र्याला प्राझिक्वांटेल असलेली गोळी त्याच्या वजनाप्रमाणे आजच द्या आणि दर तीन महिन्यांनी देत राहा. पण मेंढीला आधी थर्मामीटर लावा. मेंढीचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास असतं. ताप असेल, एका बाजूचा कान किंवा ओठ लोंबत असेल आणि दोन-तीन दिवसांतच हे सुरू झालं असेल, तर तो मेंदूचा वेगळा जंतुसंसर्ग असू शकतो, बुरशी लागलेल्या मुरघासाने होतो तसा, आणि त्याला तातडीने इलाज लागतो. ताप नाही आणि हळूहळू वाढत गेलंय, तर गाठच धरून चाला. कवटी एखाद्या जागी मऊ लागते. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, पण ते पशुवैद्यकाचं काम.

आता जंताचं औषध. पाच मिली सगळ्यांना, हा हिशोब कुठला? अल्बेंडाझोलचं अडीच टक्क्यांचं द्रावण असेल आणि किलोला साडेसात मिलिग्रॅम धरलं तर तीस किलोच्या मेंढीला नऊ मिली लागतं. तुम्ही जवळपास निम्मं दिलंत, तेही दर महिन्याला, तेच औषध. त्यात कच्चे जंत मेले आणि चिवट उरले. आता त्यांचीच पैदास तुमच्या नाल्याकाठी आहे. एकदा तराजूवर वजन करा, अंदाजाने माणूस नेहमी कमी धरतो. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, घाई करू नका, श्वासनळीत गेलं तर त्यानेच मरेल. नुकत्या गाभण मेंढ्यांना, पहिल्या महिन्यात, अल्बेंडाझोल नको.

पण त्याआधी लेंडी तपासा. थेट गुदद्वारातून ताजी घ्या, जमिनीवरची नको, झाकणाच्या डबीत, त्याच दिवशी तालुक्याच्या किंवा धुळ्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी परत तपासा. अंडी तेवढीच असतील तर ते औषध तुमच्या कळपावर संपलं, गट बदलावा लागेल. बदललेलं औषध क्लोसँटेल असेल तर हात सैल सोडू नका, जास्त मात्रेने मेंढी आंधळी होते, मी तीन पाहिल्यात. आणि सगळ्यांना पाजू नका. पांढऱ्या पापणीच्या पाच आणि फिक्या चार, एवढ्यांनाच. लाल पापणीवाल्या सात मोकळ्या राहू द्या, म्हणजे रानात औषधाला बळी पडणारे जंतही शिल्लक राहतील. हे ऐकायला उलटं वाटतं. मलाही नोकरीच्या अखेरीस पटलं, तोवर आम्हीच गावोगाव सरसकट पाजत फिरलो.

म्हशीचं खनिज मिश्रण बंद. त्यात तांबं असतं. गाई-म्हशीला लागतं तेवढं तांबं मेंढीला विष, यकृतात साठत जातं आणि एक दिवस मूत तांबडं-काळं होऊन मेंढी जाते. मेंढीचं वेगळं मिळतं, तेच घ्या.

ईटीची लस खरं तर मे महिन्यात, पावसाआधी. पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागतेच. यंदा चुकली तरी आता द्या, सातही कोकरांना आणि मोठ्यांना. पुढे गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी द्या, म्हणजे चिकातून कोकराला जाते. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि देवीची लस कधी दिली होती ते विकणाऱ्या बाबांना विचारून घ्या.

केळीवाले भाऊ, डाग देऊन फुगी उतरते कारण सकाळी ती तशीही उतरलेलीच असते.

केळीवाला_रावेर

बरं साहेब. पण म्हातारबांना मी हे सांगणार नाही.

वाड्यावरची

साहेबांनी छान सांगितलं. सगळ्यांना पाजू नका, हे मला पण नवीन आहे, यंदा करून बघते.

मेंढ्याचं राहिलं होतं. भाऊ, खरं सांगा, तो कोकरू असताना पोरांनी त्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकली केली होती की नाही? बाबांच्या वाड्यावर केली असेल, आमची पोरं पण करायची. कपाळ खाजवलं, ढकललं, की मेंढा समजतो की तुम्ही दुसरा मेंढा आहात. जो माणसाला भितो तो मेंढा बरा. हाताने पाजून वाढवलेला लाडका सगळ्यात वाईट निघतो. टक्कर द्यायच्या आधी तो दोन-चार पावलं मागे सरतो, मान खाली घालतो, तेवढ्यात बाजूला व्हायचं. पाठ फिरवायची नाही. आता तर माजाचे दिवस, जास्तच चेवतो. गळ्यात लोढणं अडकवा, पळताना गुडघ्याला लागतं, जोर येत नाही. आईंना वाड्यात एकटं पाठवू नका, निदान दिवाळीपर्यंत. एवढं करून माणसावरच येत राहिला तर बाजार दाखवा. चांगला मेंढा मिळतो परत, कंबर मिळत नाही.

आणि आजारी मेंढी वेगळी बांधाल तेव्हा तिच्या नजरेसमोर दुसरी एखादी ठेवा. एकटी पडली की ती खाणंच सोडते, मग औषधाने मेली की एकटेपणाने ते कळत नाही. मरतुकड्याच्या आईला दूध नाही म्हणालात, तिची कास चाचपा. एक सड दगडासारखा लागला तर ती पण दवाखान्याची गिऱ्हाईक.

सुरतवरून_परत

महिना झाला, हिशोब देतो.

लेंडीत अंडी भरपूर निघाली. आधी त्या नऊ मेंढ्यांना नऊ मिलीच्या हिशोबाने पांढरं औषधच दिलं, बारा दिवसांनी तपासलं, फारसा फरक नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या गटाचं दिलं, वजन करून. वजनासाठी मक्याच्या पोत्यांचा काटा आणला होता. मेंढी काट्यावर उभी करायला तीन माणसं आणि एक शिवी लागते. फुगी आठ दिवसांत गेली. पापणी आता फिकी आहे, पांढरी नाही. पांढऱ्या पापणीच्या दुसऱ्या एका मेंढीला मात्र वाचवता आलं नाही. आता १५ नाहीत, १४ आहेत, कारण गोल फिरणारीही गेली. तिला ताप नव्हता. डॉक्टरांनी कवटी दाबून मऊ जागा दाखवली, डोळ्याच्या मागे. ऑपरेशनसाठी धुळ्याला न्यायचं ठरलं आणि आदल्या रात्री ती पडली ती उठलीच नाही. चुना टाकून कमरेएवढ्या खड्ड्यात मुंडक्यासकट पुरली. कुत्रा दोन दिवस तिथे बसून होता, आई काठी घेऊन त्याच्यासमोर.

ईटीचे दोन्ही डोस झाले. सातही कोकरं आहेत. दसऱ्याला पुरण झालं, उरलं ते म्हशीलाच गेलं, आईने वाड्याच्या दाराला आतून कडी लावून घेतली होती. मरतुकड्याच्या आईची कास खरंच एका बाजूला दगड झाली होती, बकरीचं दूध पाजतोय. आई आता त्याला मोत्या म्हणते. मी काही बोललो नाही.

लोढणं बांधलंय. परवा मेंढा माझ्यावरच आला, लोढणं पायात अडकून तोंडावर पडला, मग दिवसभर माझ्याकडे बघत नव्हता.

रात्री साडेदहाला आई वाड्यात जाऊन बसते. दहा मिनिटं. येऊन सांगते, आज कोणी दात खात नाही. गेल्या मंगळवारी म्हणाली, तिसऱ्या खांबाजवळची खातेय. सकाळी बघितलं तर पोट फुगलेलं, मूग जास्त झाला होता. वेळेत कळलं.

एक विचारायचं राहिलं. कातरणी दिवाळीआधी करू की नंतर?

वाड्यावरची

आधी. थंडी पडायच्या आत लोकर थोडी परत यायला हवी. फिक्या पापणीवाल्यांची मात्र यंदा राहू द्या. कातरणारा आला की आधी त्याची कातर बघा, कातडी कापली की लगेच हळद-तेल लावा, नाहीतर माशी बसते. आणि आईंना माझा राम राम सांगा.